गव्हावरील तांबेरा : नाव, कारण आणि उपाय

पवारांच्या राज्यांबरोबर धार आणि देवास येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून ज्या रोगाला ‘तांबेरा’ म्हणतात, त्यालाच येथील हिंदी बोलणारा शेतकरी ‘गेरुआ’ म्हणतो. एका शब्दात तांबे आहे, दुसऱ्यात गेरू. इंग्रजांनी त्याला लोखंडावरील गंजाचे नाव दिले. तिन्ही भाषांनी रोगाचा रंग अचूक टिपला. कारण मात्र एकाही नावात नाही. नाव देऊन भाषा मोकळी होते, तेव्हा ज्ञानाचे काम केवळ सुरू झालेले असते. भाषेच्या अभ्यासकाने पिकाच्या रोगाकडे वळावे, त्याचे निमित्त एवढेच.

कारण ठाऊक नसले की मनुष्य देवाकडे बोट दाखवतो. प्राचीन रोममध्ये तांबेऱ्याचा देव होता आणि दर वर्षी २५ एप्रिलला त्याच्या शांतीसाठी बळी दिला जाई. कर्नल स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हावर आलेल्या तांबेऱ्याचे वर्णन केले आहे. हाताशी आलेले पीक थोड्या दिवसांत करपले आणि लोकांनी त्यात दैवी कोप पाहिला. वस्तुतः हा रोग म्हणजे पिकावर जगणारा एक सूक्ष्म जीव आहे, हे इटलीतील फोंताना यांनी १७६७ सालीच दाखवून दिले होते. परंतु ते ज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोचले नव्हते.

तांबेरा ही बुरशी आहे. तिचा परिवार मोठा असून प्रत्येक जातीचे यजमान ठरलेले असतात. १८६९ साली सिंहलद्वीपात आढळून पुढे तेथील कॉफीचे मळे उद्ध्वस्त करणारी बुरशी याच परिवारातली. हौसेने जोपासलेल्या ऑर्किडच्या पानांखाली नारिंगी भुकटीचे ठिपके उठतात, तेही हिच्याच भाईबंदांमुळे. गव्हावर तिचे तीन प्रकार येतात : खोडावरील काळा, पानांवरील तपकिरी आणि थंड प्रदेशातील पिवळा. माळव्याला पहिल्या दोहोंची भीती अधिक. हवेतून आलेला बीजाणू दवाने ओल्या पानावर पडला की त्याला अंकुर फुटतो. तो पर्णरंध्रातून आत शिरतो आणि साधारण आठ-दहा दिवसांनी त्वचा फाडून पुळी बाहेर पडते. एकेका पुळीतून हजारो नवे बीजाणू उडतात व तेच चक्र पुन्हा सुरू होते. झाडाचे अन्न व पाणी असे वाटेतच लुटले गेल्यामुळे दाणा सुरकुततो.

आता खरा प्रश्न. चैत्र-वैशाखात माळव्याच्या शेतात गव्हाचे हिरवे पातेही उरत नाही आणि उन्हाच्या तापात बीजाणू तग धरत नाहीत. मग पुढच्या हिवाळ्यात रोग येतो कोठून? आग्रा कॉलेजातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आपले आयुष्य या प्रश्नाला वाहिले. त्यांचे प्रबंध १९४० व १९५२ साली प्रसिद्ध झाले. दुसरा त्यांच्या निधनानंतर. मैदानात मरणारा तांबेरा डोंगरावर, जेथे उन्हाळ्यातही गहू हिरवा असतो तेथे, जिवंत राहतो आणि वाऱ्यावरून खाली उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९७० च्या दशकात नागराजन आणि जोशी यांनी काळ्या तांबेऱ्याची वाट अधिक स्पष्ट केली. निलगिरी-पळणीच्या डोंगरांतील बीजाणू बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे येतात आणि पावसासोबत मध्य भारतातील गव्हावर उतरतात. निलगिरी ते देवास हे अंतर बाराशे किलोमीटरांहून अधिक आहे!

या शोधाचे मोल १९४६-४७ च्या हंगामाकडे पाहिले म्हणजे कळते. त्या वर्षी मध्य भारतात तांबेऱ्याची भीषण साथ आली आणि सुमारे वीस लाख टन गहू नष्ट झाला, असा अंदाज आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देश तेव्हा आधीच धान्याच्या टंचाईत होता.

रोग वाऱ्यावर येत असेल तर एकट्या शेतकऱ्याने आपल्या शेताला कुंपण घालून काय होणार? म्हणून उपाय सामुदायिकच असावा लागतो. निलगिरीतील वेलिंग्टन येथे आणि १९५१ पासून इंदूर येथे भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची केंद्रे गव्हावर काम करीत आली आहेत. डोंगरावर प्रतिकारक वाण पेरला गेला तर माळव्याकडे निघणारा रोग उगमापाशीच क्षीण होतो. मात्र बुरशीही बदलते. १९९८ साली युगांडात आढळलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशाने जगभर भरवशाचा मानलेला एक प्रतिकारक गुण निष्प्रभ केला. एकच वाण सर्वत्र पेरणे धोक्याचे, ते यासाठी.

येथे मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत स्टॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला. त्यात एक नाव आहे ‘खपली’. आपल्या आज्या ज्याची खीर करीत, तोच हा गहू. त्याच्यापासून मिळालेल्या प्रतिकारक जनुकांपैकी एक युगांडाच्या त्या वंशापुढेही टिकते आणि २०१७ साली त्या जनुकाची नेमकी ओळख पटली. उत्पन्न कमी म्हणून शेतातून हद्दपार होत गेलेल्या वाणाने ही ठेव सांभाळली होती. जुने वाण जपायचे ते स्मरणरंजनासाठी नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

विद्यार्थ्यांनी पौष-माघात गावाकडच्या शेतात जावे आणि पिवळसर दिसणारे पान बोटाने पुसून पाहावे. बोटाला तपकिरी वा नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा. न लागली तर बहुधा खताची वा पाण्याची उणीव. भुकटी लागल्यास त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्राला कळवावे, कारण योग्य औषधाची फवारणी आरंभीच उपयोगी पडते. पेरणी वेळेवर करावी व नत्राचा अतिरेक टाळावा, हेही घरी सांगावे. एका शेतातली बातमी वेळेवर पोचली तर आजूबाजूच्या गावांतील गहूही वाचतो.