हवाई छत्रीची निवड व सिद्धता

गेल्या चैत्रांत माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येचें अमेरिकेहून नवीन जालन्यास पत्र आलें. पंचवीस उड्या पुऱ्या करून तिनें तिकडील पहिला परवाना मिळविला होता, व आतां स्वतःची हवाई छत्री घ्यावी असें तिच्या मनानें घेतलें होतें. "काका, १२० चौरस फुटांची जुनी छत्री स्वस्तांत मिळत आहे, बाबांची समजूत तुम्हीं घालावी," असा मजकूर. समजूत घालण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, ही मास्तरकीची जुनी खोड. महिनाभर तिनें धाडलेल्या नियमावल्या वाचल्या. ज्यांच्या घरीं असा छंद शिरूं पाहत आहे त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून त्यांतील सार येथें देतों.

हा छंद आपल्यांत अगदींच अपूर्व राहिलेला नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं १८ एप्रिल २००४ रोजीं उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली. २००६ सालीं अंटार्क्टिकावर घेतली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडांत त्यांनीं नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी घेतली, तेव्हां आमच्या घरीं लुगड्याचेंच कौतुक फार झालें. मला मात्र त्या वस्त्राच्या बंदोबस्ताची चिंता वाटली. वाऱ्यानें पदराचा घोळ छत्रीच्या मुठीवर आला तर हाताला मूठ सांपडावयाची कशी?

घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: छत्री उघडलीच नाहीं तर? प्रश्न रास्त आहे, व त्यासाठींच पाठीवरच्या पिशवींत मुख्य छत्रीखेरीज एक राखीव छत्री असते. परंतु अनुभवी लोकांस भय निराळेंच वाटतें. आजकालचे कितीतरी जीवघेणे अपघात निर्दोष व पूर्ण उघडलेल्या छत्रीखालींच घडतात. कारण हिला आपण छत्री म्हणतों खरें, पण ही पंख आहे. १९६० नंतरच्या दशकांत डॉमिना जॅलबर्ट यांनीं काढलेल्या युक्तीनुसार कापडाचे दोन पदर शिवून मध्यें कप्पे करितात. पुढील तोंडांतून वारा शिरून ते फुगतात, आणि उडणारा खालीं येतां येतां पुढेंहि धावतो. एका बाजूची दोरी जोरानें ओढली कीं पंख वळतो व वळतांना झपाट्यानें उंची गमावतो. जमीन जवळ असली तर सांवरण्यास अवधि उरत नाहीं. छत्री जितकी लहान, तितकें हें सारें शीघ्र.

म्हणून निवडीचा आरंभ रंगानें वा किंमतीनें न होतां भागाकारानें व्हावा. उडणाऱ्याचें साजसामानासह वजन पौंडांत घ्यावें व छत्रीच्या चौरस फुटांनीं भागावें. नवशिक्याचें उत्तर एकापेक्षां अधिक नसावें. माझ्या पुतणीचें वजन ५४ किलो, सामान ११ किलो. एकूण ६५ किलो, म्हणजे सुमारें १४३ पौंड. १२० नें भागतां १.१९ येतात! १५० नें ०.९५ आणि १७० नें ०.८४. "मग १५० ची चालेल कीं," असें तिचें उत्तर आलें. येथें एक बारकावा आहे. भागाकार सारखा आला तरी लहान छत्रीच्या दोऱ्या आंखूड असतात, त्यामुळें ती अधिक चपळ. तेव्हां हलक्या अंगाच्या मुलींनीं केवळ या आंकड्यावर विसंबूं नये. जुन्या छत्रीच्या दोऱ्याहि जाणत्याकडून मोजवून घ्याव्या. कांहीं जातींच्या दोऱ्या घर्षणाच्या उष्णतेनें आकसतात व पंखाचा तोल बिघडतो. राखीव छत्रीसहि हाच भागाकार लावावा. भान हरपलेल्या माणसास खालीं आणणारी तीच.

आतां सिद्धता. मांड्यांचे दोन पट्टे व छातीचा एक, हे अंगासरसे आवळलेले हवेत; साज चढविण्यापूर्वीं, विमानांत बसण्यापूर्वीं व उडीपूर्वीं, असें तीनदां सर्व तपासावें. खांद्यांजवळ बिल बूथ यांनीं काढलेली तीन कड्यांची योजना असते. मोठ्या कड्यांतून मधलें, मधल्यांतून लहान, लहानावर दोऱ्याचा फास आणि फासांत तार. तार ओढतांच बिघडलेली मुख्य छत्री सुटते. तरफेच्या नियमानें सारा भार त्या फासापाशीं अगदीं थोडा उरतो. शाळेंत असतों तर हेंच उदाहरण फळ्यावर काढलें असतें.

१९९१ सालीं जर्मनींत निघालेलें 'सायप्रेस' हें यंत्र हवेच्या दाबावरून उंची व वेग ओळखतें. सुमारें ७५० फुटांवर येऊनहि मनुष्य दर सेकंदास ३५ मीटरांहून अधिक वेगानें पडत असेल, तर तें राखीव छत्री आपण होऊन सोडवितें. मात्र तें उड्डाणाच्या मैदानावर पोंचल्यावरच चालू करावें. घरीं चालू करून नेलें, आणि घर व मैदान यांच्या उंचींत फरक असला, तर त्याची 'जमीन'च चुकते. मुख्य छत्रीची घडी स्वतः घालतां येते. राखीव छत्रीची घडी अमेरिकेंत दर १८० दिवसांच्या आंत परवानाधारक रिगरनेंच घालावयाची असते, व तिची तारीख पिशवींतील कार्डावर लिहितात.

बंधु अद्यापि प्रसन्न नाहींत. पुतणीनें १७० ची छत्री घेतली. राखीव छत्रीची घडी वैशाखांत झाल्याचें तिनें मीं न विचारतांच कळविलें. पुढची कार्तिकांत आहे.