किडीला रोग लावणारी बुरशी आणि फवारणी करणाऱ्याचे आरोग्य

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप बहुधा मजुराच्याच पाठीवर असतो. म्हणून पंपात काय भरले आहे, हा त्याच्या आरोग्याचा प्रश्न आहे. विषारी फवारण्या कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे किडींना रोग लावणारी बुरशी. बिव्हेरिया, मेटारायझियम ही त्यांतली दोन नावे.

ही बुरशी किडीला कशी मारते?

किडीच्या अंगावर कवच असते. वर मेणाचा थर, खाली प्रथिने आणि कायटिन नावाचा चिवट पदार्थ. बुरशीचा बीजाणू कवचाला चिकटतो, ओलावा मिळताच अंकुरतो आणि विकरे, म्हणजेच एन्झाइम, सोडतो. आपल्या पोटातील विकरे अन्न पचवतात, तशी ही विकरे किडीचे कवच पचवतात. लायपेज मेण व चरबी फोडते, प्रोटिएज प्रथिने तोडते, कायटिनेज कायटिनचे तुकडे करते. कमकुवत झालेल्या जागेतून बुरशीचा तंतू आत घुसतो आणि शरीरभर वाढतो. साधारण 4 ते 10 दिवसांत कीड मरते. बुरशी किडीच्या पोटात जावी लागत नाही, अंगाला लागली तरी पुरते. म्हणून ती रस शोषणाऱ्या पांढऱ्या माशीवरही चालते आणि मातीत राहणाऱ्या उसाच्या हुमणीवरही.

वापरताना काय पाळावे?

कडक उन्हात बीजाणू मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी, जमिनीत आणि हवेत ओल असताना करावी. सोबत बुरशीनाशक मिसळू नये. मुदत संपलेले पाकीट घेऊ नये. रेशीमकिड्यांचा रोग अशाच बुरशीमुळे होतो, हे इटलीतील अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवले होते. तेव्हा तुतीच्या बागेजवळ ती फवारू नये.

माणसाला धोका आहे का?

रासायनिक विषाच्या मानाने फार कमी. ही बुरशी 25 ते 30 अंश तापमानात चांगली वाढते, आपले शरीर 37 अंशांचे असते. तरीही भुकटी नाकातोंडात गेल्यास ॲलर्जी होऊ शकते. नाकातोंडाला मास्क, हातमोजे आणि नंतर साबणाने आंघोळ हवीच. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम टाळावे.

कीड फार वाढल्यावर बुरशीचा हळू परिणाम पुरा पडत नाही. कीड दिसू लागताच ती वापरली, तर विषाचा पंप पाठीवर घेण्याची वेळ कमी वेळा येईल. आणि मजुरांनो, पंप उचलण्याआधी डब्यावरचे नाव विचारा. तो तुमचा हक्क आहे.