'हे पुस्तक आपण वाचावे' : ग्रंथपालाच्या शिफारशीविषयी थोडेसे

वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी एक वाक्य नेहमी कानी पडते. वाचक जुने पुस्तक परत करतो, कपाटांवरून एक नजर फिरवतो आणि म्हणतो, "एखादे चांगले पुस्तक द्या ना!" मागणी साधी आहे, पण तिचे उत्तर सोपे नाही. निवृत्त शिक्षकाला जे पुस्तक आवडेल ते दहावीतील मुलीला आवडेलच असे नाही. वाडीत दिवसभर राबून आलेल्या शेतकऱ्याची गरज वेगळी आणि रोज विरार लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या नोकरदाराची वेगळी. अशा वेळी टेबलापलीकडची व्यक्ती काय करते, यावर त्या वाचनालयाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच ग्रंथालयातील सेवकांनी आपल्या आवडीची पुस्तके वाचकांना सुचविण्याची जी प्रथा आहे, तिचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

लोयोलाच्या वाड्यातील दोन ग्रंथ

योग्य वेळी हाती आलेले पुस्तक काय करू शकते, याचे उदाहरण ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेले इग्नेशियस लोयोला आपल्या घरी अंथरुणाला खिळून होते. वेळ घालविण्यासाठी त्यांनी सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या. तशी पुस्तके वाड्यात नव्हती. घरच्यांनी त्यांच्या हाती प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या जीवनकथांचा संग्रह दिला. पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. १५४० साली येशूसंघाला पोपमहोदयांची मान्यता मिळाली आणि थोड्याच वर्षांत त्या संघाचे धर्मगुरू वसईपर्यंत येऊन पोहोचले.

या प्रसंगातील एक बारकावा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. इग्नेशियस केवळ वाचत नव्हते, तर वाचल्यानंतर मनात काय उरते हेही पाहत होते. शौर्याची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या विचाराने आलेला आनंद मात्र टिकून राहत असे. पुस्तक देण्याचे काम घरच्यांनी केले, पण त्याचा निवाडा वाचकाने स्वतः केला. चांगल्या शिफारशीचे मर्म यातच आहे.

वाचकांच्या मागणीतून जन्मलेले पुराण

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभही वाचकांच्या मागणीशी जोडलेला आहे. मूळचे इंग्लंडचे असलेल्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी रचनेचे कारण सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही नव्हते. आम्हांलाही आमच्या भाषेत असे काही द्या, अशी त्यांनी मागणी केली. आपल्या पूर्वजांना केवळ प्रवचन पुरेसे वाटले नाही, त्यांना पुस्तक हवे होते. त्या मागणीचा कोणीतरी आदर केला म्हणून हजारो ओव्यांचा हा ठेवा आपल्याला मिळाला.

डॉ. रंगनाथन यांची दृष्टी

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. दुसऱ्या नियमानुसार प्रत्येक वाचकाला त्याला साजेसे पुस्तक मिळायला हवे, तर तिसऱ्यानुसार प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे हे ओळखावे, असे उरलेले दोन नियम सांगतात.

यांपैकी तिसरा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वाचक पुस्तक शोधत येतो, हे आपण पाहतो. परंतु कपाटातील पुस्तक स्वतः उठून वाचकाकडे जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. ज्याने ते वाचले आहे आणि समोरच्या माणसालाही जो थोडाबहुत ओळखतो, असा ग्रंथसेवकच ते काम करू शकतो.

वसईकरांच्या परिचयाचे एक उदाहरण

एका ग्रंथपालाच्या आवडीतून किती मोठे कार्य घडू शकते, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. वसईत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या ज्येष्ठ लेखिका वीणा गवाणकर यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ग्रंथपाल म्हणून काम केले होते. कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे इंग्रजी चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या भारावून गेल्या. इतके चांगले पुस्तक आपल्यापुरते ठेवणे त्यांना जमले नाही. १९८१ साली त्यांचे 'एक होता कार्व्हर' प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले.

गुलाम म्हणून जन्मलेले कार्व्हर १८९६ साली अमेरिकेतील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत गेले. सततच्या कापसाच्या पिकाने तेथील जमिनी निकस झाल्या होत्या. भुईमूग आणि रताळी यांसारखी पिके आलटून पालटून घ्यावीत, म्हणजे मातीला पुन्हा कस येतो, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना दाखवून दिले. आपल्या मातीशी आयुष्यभर नाते ठेवलेल्या वसईच्या बागायतदाराला हे पुस्तक दिले, तर तो ते निराळ्याच आत्मीयतेने वाचेल. परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला त्याच पुस्तकात वेगळे काही सापडेल. वेल्लोर येथे रुग्णालय उभारणाऱ्या मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांचे चरित्रही गवाणकरांनी लिहिले आहे. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींना ते अवश्य सुचवावे.

शिफारस कशी करावी?

जगभरातील ग्रंथालयांत यासाठी काही सोप्या रीती रूढ आहेत. धर्मग्रामाच्या लहानशा वाचनालयातही त्या सहज अमलात आणता येतील.

१. आधी विचारावे, मग सुचवावे. "कोणते पुस्तक हवे?" या प्रश्नाने वाचक गोंधळतो. "अलीकडे कोणते पुस्तक आवडले आणि त्यात काय आवडले?" असे विचारले की तो मोकळा होतो. कोणाला कथानक आवडते, कोणाला व्यक्ती, तर कोणाला भाषा. उत्तरातच पुढच्या पुस्तकाची दिशा असते.

२. स्वतः वाचलेलेच सुचवावे. न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती एकदा केली तरी विश्वास उडतो. "हे मी वाचलेले नाही, परंतु अमुक वाचकांना आवडले" असे प्रांजळपणे सांगण्यात कमीपणा नाही.

३. पुस्तकासोबत चिठ्ठी ठेवावी. दोन-तीन ओळींत, हे पुस्तक कोणासाठी आहे आणि आपल्याला ते का आवडले, एवढेच लिहावे. सारांश सांगू नये. अशी चार-पाच पुस्तके दाराजवळच्या फळीवर दर महिन्याला मांडावीत. अमेरिकेत २०१३ सालापासून ग्रंथालयांतील सेवक आपल्या पसंतीच्या दहा नव्या पुस्तकांची यादी दरमहा निवडून प्रसिद्ध करतात. आपण चार पुस्तकांनी सुरुवात करावी.

४. नकाराचा मान राखावा. सिएटल येथील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचकांसाठी एक गमतीदार नियम सांगितला आहे. पुस्तकाची पहिली पन्नास पाने वाचावीत आणि मन रमले नाही तर ते खुशाल परत करावे. वय पन्नाशीच्या पुढे गेले असल्यास शंभरातून आपले वय वजा करावे आणि तेवढीच पाने वाचावीत. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना तीस पाने पुरेशी! पुस्तक अर्धवट परत करणाऱ्याला संकोच वाटू नये, कारण तो पुन्हा आला पाहिजे.

५. शिफारशीचा उपदेश होऊ देऊ नये. हा मुद्दा आम्हांला थोडा आग्रहाने मांडावासा वाटतो. मागणारा कादंबरी मागत असताना दरवेळी त्याच्या हाती भक्तिपर पुस्तक ठेवले, तर तो काही दिवसांनी मागणेच सोडून देतो. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' किंवा दया पवार यांचे 'बलुतं' वाचून माणसाविषयीची कणव वाढत असेल, तर ते वाचनही वाया गेलेले नाही.

आपल्या कपाटांचे काय?

आपल्या धर्मग्रामांतील वाचनालये बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. पुस्तके अनेकदा भक्कम कपाटात, कुलपाआड असतात आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच रविवारची मिस्सा संपल्यानंतरची वेळ निघून जाते. एखादे जुने पुस्तक उघडून त्यातील तारीखपट्टीवरचा शेवटचा शिक्का पाहावा. तो किती वर्षांपूर्वीचा आहे, हे पाहून मन खिन्न होते.

ही खिन्नता केवळ पुस्तकप्रेमी माणसाची नाही. आपल्या घरांत आज आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलते, आईवडील मराठीत वाचतात आणि नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात. फादर स्टीफन्सपासून रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापर्यंत मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा समृद्ध आहे. याच वसईच्या भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांचे 'नाही मी एकला' हे आत्मकथन पुढच्या पिढीच्या हाती कोण देणार? शाळेत ते मिळेलच असे नाही. कोणीतरी ते कपाटातून काढून, "हे आपल्या गावचे आहे, यात तुझ्या आजोबांचा काळ आहे," असे म्हणून द्यावे लागेल. तसे झाले नाही, तर पुस्तके सुरक्षित राहतील, पण वाचक उरणार नाहीत.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या इथिओपियन अधिकाऱ्याचा प्रसंग आहे. ग्रंथ त्याच्या हातात होता, वाचताही येत होते, तरीही वाट दाखविणाऱ्यावाचून त्याचे अडत होते. फिलिप त्याच्याजवळ गेला, वाचतोस ते समजते का असे त्याने विचारले आणि मग रथात त्याच्या शेजारी बसला. सोबत करण्याची ही वृत्ती ग्रंथसेवकानेही घ्यावी, असे आम्हांला वाटते.

आमची सूचना लहानशी आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर वाचनालयाचे दार अर्धा तास उघडे ठेवावे. एका टेबलावर, स्वतः वाचलेली आणि मनापासून आवडलेली चार पुस्तके चिठ्ठीसह मांडावीत आणि टेबलापाशी एक माणूस उभा असावा. त्या दिवशी एकच पुस्तक गेले तरी चालेल. ते परत येईल तेव्हा मात्र वाचकाला विचारायला विसरू नये, "कसे वाटले?"