रसदीच्या रस्त्याचं स्मारक

फ्रान्सच्या ईशान्येला, म्यूज परगण्यात, बार-ल-द्युक गावाहून व्हर्डनकडे एक रस्ता जातो. त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड पाहिले, की हा रस्ता इतरांसारखा नाही हे ध्यानात येतं. दगडांच्या माथ्यावर पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच शिपायाचं शिरस्त्राण बसवलेलं आहे, सोबत लॉरेलची पानं. रस्त्याचं नाव ‘व्वा साक्रे’, म्हणजे पवित्र मार्ग. हे नाव लेखक मोरिस बारेस यांनी 1916 साली, व्हर्डनची लढाई पेटलेली असतानाच दिलं.

21 फेब्रुवारी 1916 रोजी जर्मन सैन्यानं व्हर्डनवर हल्ला चढवला, तेव्हा शहराची रसद आधीच आवळलेली होती. सँ-मिएलकडून येणारा लोहमार्ग 1914 पासून तुटला होता आणि दुसरा जर्मन तोफांच्या टप्प्यात होता. उरली एक छोटी मीटरगेज रेल्वे आणि हा रस्ता. छोट्या गाडीला न पेलणारं सगळं ओझं रस्त्यावर आलं.

ते पेललं शिस्तीनं. कॅप्टन एमे दूमांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्ता फक्त मोटारींसाठी राखून ठेवला. पायदळानं आणि घोडागाड्यांनी बाजूच्या शेतांतून जायचं. रस्त्याचे सहा टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यावर देखरेख आणि दुरुस्तीची सोय ठेवली. ओव्हरटेक करायचं नाही, थांबायचं नाही. गाडी बंद पडून चटकन सुरू झाली नाही, तर ती सरळ रस्त्याबाहेर ढकलायची. सरासरी दर 14 सेकंदांना एक गाडी जात होती. आठवड्याला सुमारे 90 हजार माणसं आणि 50 हजार टन दारूगोळा या वाटेनं पुढे गेला.

त्या लॉऱ्यांची चाकं भरीव रबराची होती. फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फ वितळला आणि रस्त्याचा चिखल झाला, तेव्हा ती चाकं रस्ता उखडू लागली. डांबर नव्हतं, रोलर फिरवायला रस्ता मोकळा सापडत नव्हता. मग जवळपासच खाणी खोदून दगड काढले गेले आणि राखीव दलातली चाळिशीच्या आसपासची माणसं फावड्यानं खडी थेट धावत्या चाकांखाली टाकत राहिली. तिच्यावरून जाणाऱ्या लॉऱ्याच ती दाबत होत्या. वाहतूक चालू ठेवूनच रस्ता बांधला जात होता. लढाई संपेपर्यंत या रस्त्यानं सुमारे सात लाख टन दगड गिळला.

सेनापती पेताँ यांचं मुख्यालय याच रस्त्यावर, सूयी गावच्या नगरपालिकेच्या इमारतीत होतं. एकाच तुकडीला शेवटपर्यंत झिजवायचं नाही, काही दिवसांनी तिला मागे घेऊन ताजी पुढे पाठवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. रहाटासारखा तो सतत फिरत राहिला. पण फिरण्यासाठी रस्ता अखंड वाहता असावा लागतो. या फेरपालटामुळेच फ्रेंच सैन्यातल्या फार मोठ्या हिश्शाला व्हर्डनची आघाडी पाहावी लागली, आणि त्यांतल्या असंख्य शिपायांची तिथली पहिली आठवण हाच रस्ता ठरला.

पुढे व्हर्डनच्या अलीकडे, मूलँ-ब्रुलेच्या उंचवट्यावर 1967 साली मोठं स्मारक उभं राहिलं. त्यावरच्या शिल्पांत लॉऱ्यांचा तांडा कोरलेला आहे. युद्धस्मारकांत सहसा संगीन उगारलेला शिपाई किंवा घोड्यावरचा सेनापती दिसतो. इथे मान आहे तो गाडी हाकणाऱ्यांचा आणि तिच्यासाठी वाट राखणाऱ्यांचा. देशानं 1923 सालीच हा रस्ता राष्ट्रीय मार्ग ठरवला होता. 2006 मध्ये तो स्थानिक प्रशासनाकडे गेला, तेव्हा त्याला क्रमांक मिळाला 1916.

व्हर्डनच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मारले गेले. त्या संहारात शौर्य होतंच. पण खंदकातल्या माणसाच्या हाती काडतूस आणि पोटात भाकर पोहोचवणारे ड्रायव्हर, मेकॅनिक आणि खडी टाकणारे प्रौढ शिपाई नसते, तर ते शौर्य चार दिवसही टिकलं नसतं. लढाईचा इतिहास लिहिताना अशा माणसांना तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात जागा द्यायला हवी. या रस्त्यानं ती दिली आहे.