उडी तीच हवी: जुने व्हिडिओ गेम नव्याने कसे येतात

धावायचं, खड्डा ओलांडायचा, वरच्या फळीवर उडी घ्यायची आणि शत्रूच्या डोक्यावर पाय देऊन पुढे जायचं. अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत टीव्हीला जोडलेल्या स्वस्त नकली यंत्रांवर, ‘कॅसेट’ बदलून बदलून, मारिओ खेळला गेला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ भेटला तो कॉम्प्युटर क्लासमध्ये. सोनिक आणि मेगा मॅनची ओळख बऱ्याच जणांना नंतर झाली. हे जुने खेळ आज नव्या यंत्रांवर पुन्हा विक्रीला येतात. ते येतात कसे, वाटेत कुठे बिघडतात आणि विकत घेताना आपण काय बघावं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात होते कागदपत्रांपासून. खेळ बनवणारी कंपनी, त्यातली पात्रं आणि त्यातलं संगीत यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. १९८९चा ‘डक टेल्स’ कॅपकॉमने बनवला, पण त्यातला अंकल स्क्रूज डिस्नेचा. म्हणजे दोघांचीही परवानगी लागणार. संगीताचं प्रकरण आणखी नाजूक असतं. सेगा या कंपनीचा १९९३चा ‘सोनिक सीडी’ २०११मध्ये पुन्हा आला, तेव्हा जपानी आणि अमेरिकी अशी दोन्ही संगीतं त्यात दिली होती. मात्र जपानी गाण्यांचे शब्द काढून फक्त वाद्यसंगीत ठेवावं लागलं. तेव्हा जुन्या खेळात ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटलं, तर दोष प्रोग्रामरचा असेलच असं नाही. अनेकदा तो कराराचा असतो.

मग शोध सुरू होतो सोर्स कोडचा. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने स्वतः लिहिलेला, माणसाला वाचता येईल असा मजकूर. बाजारात विकला जातो तो त्यापासून तयार झालेला, फक्त यंत्राला कळणारा कोड. त्या काळी खेळ विकला गेला की मूळ मजकूर जपून ठेवायची पद्धत नव्हती. जॉर्डन मेक्नर यांनी १९८९मध्ये ॲपल टू या संगणकासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लिहिला. त्याचा सोर्स कोड हरवला असंच ते धरून चालले होते. २०१२मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांच्या मदतीने त्या वाचून घेतल्या गेल्या आणि मेक्नर यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. एवढं नशीब फार थोड्या खेळांच्या वाट्याला येतं.

कोड असो वा नसो, पुढचे रस्ते तीन. पहिला एम्युलेटर, म्हणजे नव्या यंत्रावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. जुना खेळ त्याच्या आत जसाच्या तसा चालतो. दुसरा पोर्ट, म्हणजे तोच खेळ नव्या यंत्राच्या भाषेत पुन्हा बांधणं. तिसरा रिमेक. जुन्या नाटकाचा नव्या संचात, नव्या नेपथ्यासह प्रयोग करावा तसं सगळं नव्याने उभं करायचं. खर्च आणि धोका याच क्रमाने वाढत जातो. एम्युलेटर म्हणजे आळशीपणा, असा एक समज आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. नीट केलेला एम्युलेटर हा जुन्या खेळाचा सर्वांत प्रामाणिक अवतार असतो.

आता खरा कस लागतो तो उडीचा. प्लॅटफॉर्म गेमचा जीव उडीत असतो. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बटण नुसतं टेकवलं तर मारिओ थोडासाच उडतो आणि दाबून धरलं तर उंच जातो. धावत येऊन घेतलेली उडी त्याहूनही उंच जाते. हवेत असताना दिशाही थोडी वळवता येते. हे नियम कुठे लिहिलेले नसतात. खेळणाऱ्याची बोटं ते शिकतात आणि वर्षानुवर्षं विसरत नाहीत. म्हणून त्यात केसभर फरक पडला, तरी हाताला तो लगेच कळतो.

मारिओ बनवणाऱ्या खुद्द निन्टेन्डोकडूनही हे निसटलं. १९९३मध्ये त्यांनी मारिओचे जुने खेळ नव्या चित्रांसह ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नावाने आणले. मूळ खेळात डोक्याने वीट फुटली की मारिओ तिथूनच खाली यायला लागतो. नव्या आवृत्तीत वीट फुटल्यावरही तो वर जातच राहतो. फरक क्षणाचा. पण विटांच्या रांगेखालून धावत जाणाऱ्याचा सगळा अंदाज त्याने चुकतो.

मोठं उदाहरण ‘क्रॅश बँडिकूट’चं. १९९६ ते १९९८ या काळातले त्याचे पहिले तीन खेळ व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने पुन्हा उभारले आणि ते २०१७मध्ये ‘एन. सेन ट्रिलॉजी’ म्हणून आले. चित्रं देखणी होती, रचना मूळ नकाशांवर बेतलेली होती. तरीही जुने खेळाडू सांगू लागले की उड्या हुकतात, काठावरून पाय घसरतो. यामागे दोन कारणं होती. एक, तिन्ही खेळांतल्या हालचालींसाठी तिसऱ्या खेळाची पद्धत पाया म्हणून धरली होती. पहिल्या खेळातले खड्डे मात्र त्याच्या स्वतःच्या उडीच्या मापाने खणलेले होते. दुसरं, पात्राभोवती एक अदृश्य आकार असतो आणि तो जमिनीला टेकला की पात्र उभं राहतं. नव्या खेळात हा आकार खालून गोल, गोळीसारखा होता. त्यामुळे अगदी काठावर उतरलं की क्रॅश घरंगळायचा. काही उड्यांना आता जास्त अचूकपणा लागतो, हे कंपनीनेही मान्य केलं.

उडीला खेटून येतो वेग. जुन्या खेळांत वेळेचं माप टीव्हीच्या चित्रांवर चालायचं. अमेरिका आणि जपानमध्ये टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं. युरोपात आणि भारतात ५० वेळा. १९९१चा पहिला ‘सोनिक द हेजहॉग’ युरोपातल्या यंत्रांवर म्हणूनच सुमारे १७ टक्के मंद धावायचा आणि त्याचं संगीतही रेंगाळायचं. आजच्या टीव्हीला हे बंधन नाही. तरीही सोनीने २०१८मध्ये ‘प्लेस्टेशन क्लासिक’ काढलं, तेव्हा त्यातल्या काही खेळांच्या ५० चित्रांच्याच आवृत्त्या घातल्या आणि खेळाडू नाराज झाले. तेव्हा संग्रह कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी पाहावं. ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) असं लिहिलेलं असेल तर उत्तम.

आता चित्राकडे वळू. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. आपल्या साध्या एचडी टीव्हीवर १०८० ओळी असतात. १०८० भागिले २४० म्हणजे साडेचार. अर्धी ओळ तर दाखवता येत नाही, म्हणून जुन्या चित्राची एक ओळ चार ओळींची होते आणि दुसरी पाचांची. स्थिर चित्रात हे जाणवत नाही. पण पडदा सरकायला लागला की ठिपके लुकलुकतात, जाड-बारीक होतात. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक ओळ बरोबर चौपट करायची आणि कडेला थोडी काळी चौकट सोडायची. फोर-के टीव्हीवर २१६० ओळी असल्याने नेमका नऊपट हिशोब बसतो. चित्र ताणून सगळा पडदा भरण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने मारिओ आडवा पसरतो आणि अंतराचा अंदाजही फसतो.

जुना काचेचा टीव्हीही चित्राचा भाग होता, हे नव्या मंडळींना सांगावं लागतं. सोनिकच्या पहिल्याच भागात धबधबे आहेत. ते जवळून पाहिले तर एक उभी रेघ पाण्याची आणि एक मोकळी अशी रचना दिसते. जुन्या वायरीतून आणि जुन्या टीव्हीवर या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक वाटायचं. आजच्या लख्ख पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात. चांगल्या संग्रहात ‘सीआरटी फिल्टर’ नावाची सोय असते, तिने जुन्या टीव्हीची ही किमया बरीचशी परत आणता येते. एकदा लावून बघाच.

रुंद पडद्यासाठी खेळ खरोखरच रुंद करायचा, तर बांधणी मुळापासून करावी लागते. हे काम सर्वांत सुरेख केलं ते ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टियन व्हाइटहेड यांनी. ते मूळचे सोनिकचे चाहते. २००९मध्ये त्यांनी ‘सोनिक सीडी’ आयफोनवर चालवून दाखवला, पुढे सेगाने त्यांनाच काम दिलं. २०११चा ‘सोनिक सीडी’ आणि २०१३चे मोबाइलवरचे पहिले दोन सोनिक त्यांच्या ‘रेट्रो इंजिन’वर उभे आहेत. ३२० ठिपक्यांचं चित्र सुमारे ४२४ ठिपके रुंद झालं, पण धावण्याचा आणि उडीचा हिशोब मुळाबरहुकूम राहिला. शेजारी सेगाचाच २००६चा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा सोनिक ठेवून पाहा. त्यात सगळं अडखळत चालतं. खेळ तोच, कंपनी तीच. फरक कामाच्या निष्ठेचा.

जुन्या यंत्रांचे दोष ठेवायचे की काढायचे, हाही प्रश्न असतो. जुना निन्टेन्डो एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकायचा. त्याहून जास्त झाली की ती लुकलुकत. गर्दी वाढली की खेळही मंदावायचा. डिजिटल इक्लिप्स या स्टुडिओने २०१५मध्ये ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन’ केलं तेव्हा हे मंदावणं तसंच ठेवलं. मला हे योग्य वाटतं, कारण त्या मंद क्षणांवर भिस्त ठेवूनच खेळाडू गोळ्या चुकवत असत.

नव्या खेळाडूसाठी मात्र सोयी हव्यातच. कुठेही थांबून खेळ साठवून ठेवणं, चूक झाली की काही सेकंद मागे जाणं, अमर्याद जीव, अपस्माराचा त्रास असलेल्यांसाठी लखलखाट कमी करणं, या त्या सोयी. दिवसभर काम करून अर्धा तास खेळणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावण्यात काही शौर्य नाही. फक्त या सोयी ऐच्छिक असाव्यात. २०२२च्या ‘सोनिक ओरिजिन्स’मध्ये जुन्या चौकटीचा, मोजक्या जिवांचा खेळ आणि रुंद पडद्याचा, अमर्याद जिवांचा खेळ असे दोन्ही पर्याय वेगवेगळे दिले आहेत. ही मांडणी आदर्श आहे.

आता सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ‘इनपुट लॅग’ म्हणजे प्रतिसादाचा उशीर म्हणतात. एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं असतं. आजचा टीव्ही रंग खुलवण्यासाठी, हालचाल मऊ करण्यासाठी चित्रावर प्रक्रिया करतो आणि त्यात अशी कित्येक चित्रं निघून जातात. ‘हा खेळ पूर्वीसारखा राहिला नाही’ अशी तक्रार करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. शक्य असेल तर वायरचा कंट्रोलर लावा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

आणि एक गोष्ट मनापासून खटकते ती सांगतो. ‘सोनिक ओरिजिन्स’ येण्याच्या सुमारे महिनाभर आधी सेगाने त्यातल्या खेळांच्या जुन्या, सुट्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या. निन्टेन्डोने तर २०२०चा ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ ३१ मार्च २०२१पर्यंतच विकला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मिळतात त्यांना तरी विक्रीतून हटवू नये. नवी आवृत्ती आणताना जुनी शेजारी राहू द्यावी. आपणही खरेदी करताना ज्या संग्रहात मूळ खेळ न बदलता दिलेला आहे, त्यालाच पसंती द्यावी.