उणे चिन्ह दिसलं की ऑप्शनच? स्क्रिप्टविषयीचे काही गैरसमज

इंदापूरकरांना उणे आकड्याची सवय आहे. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोडतं आणि शून्याची खूण त्याच्या वर आहे. त्यामुळे धरणात पाणी असतानाही साठा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. हाच आकडा शेल स्क्रिप्टला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून दिला, -५०, की ऑप्शन वाचणारी शेलची आज्ञा गेटऑप्ट्स त्यातल्या ५ ला ऑप्शन समजतं आणि असा ऑप्शन नाही म्हणून अडतं.

उणे चिन्हापुढचं सगळं ऑप्शनच असतं, असं मात्र नाही. आधी नुसतं -- लिहिलं की ऑप्शन तिथे संपतात, पुढे फक्त माहिती. किंवा ज्या ऑप्शनला किंमत लागते, त्याच्यामागे -५० द्या. गेटऑप्ट्स तो शब्द आख्खा उचलतं. पायथनच्या आर्गपार्सला साधी उणे संख्या कळते, पण -५०% कळत नाही. तिथे --साठा=-५०% असं बरोबरच्या चिन्हाने जोडावं लागतं.

दुसरा समज: दोन-तीनच ऑप्शन आहेत, इफ-एल्स लिहून भागेल. मग कुणी दोन ऑप्शन जोडून लिहितं, कुणी किंमत द्यायची विसरतं, आणि इफ वाढत जातात. गेटऑप्ट्स शेलमध्येच असतं, पॉझिक्स मानकात आहे, वेगळं बसवावं लागत नाही. त्याला --तालुका असे लांब ऑप्शन मात्र झेपत नाहीत. तसे हवे असतील तर आर्गपार्स घ्या, पायथन ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, ते सोबतच येतं. मदतीचा मजकूरही ते तुम्ही नोंदवलेल्या ऑप्शनवरूनच तयार करतं.

सर्वांत महाग पडतो तो तिसरा समज: चुकीच्या वापरावर मदत छापली की झालं. स्क्रिप्ट शून्य, म्हणजे यशाचा, कोड देऊन बाहेर पडली, तर && नंतरची आज्ञा बिनधास्त चालते. रात्री क्रॉनने चालवलेलं काम यशस्वी ठरतं आणि सकाळी कालचाच अहवाल पुढे जातो. वापर चुकला तर कोणता ऑप्शन चुकला ते नावानिशी सांगा, सोबत एका ओळीत योग्य वापर द्या, दोन्ही एररच्या प्रवाहात पाठवा आणि कोड २ द्या. आर्गपार्स हेच करतं. चाळीस ओळींच्या मदतीत मूळ चूक हरवते. माणसाने स्वतःहून --हेल्प मागितलं, तर ती चूक नव्हे. तेव्हा मजकूर नेहमीच्या आउटपुटवर आणि कोड शून्य.

स्क्रिप्टला मिळालेली गावांच्या नावांची यादी पुढच्या आज्ञेला देताना "$@" भोवतीची दुहेरी अवतरणं गाळू नका. ती नसली की निमगाव केतकीची दोन आर्ग्युमेंट होतात.