क्रूझच्या तिकिटात नेमकं काय येतं?

2023 साली रॉयल कॅरिबियन कंपनीला सुमारे 13.9 अब्ज डॉलर मिळाले. त्यात तिकिटांचे होते साधारण साडेनऊ अब्ज. उरलेले 4.3 अब्ज तिकिटाबाहेरचे: दारू, कॅसिनो, वायफाय, स्पा, खास रेस्तराँ, किनाऱ्यावरच्या सहली. कार्निव्हल कंपनीचा त्याच वर्षीचा हिशेब पाहिला, तर तिकिटाबाहेरचा वाटा एक तृतीयांशाच्याही पुढे जातो. क्रूझवरून परतलेल्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला या आकड्यांत दिसतं. जाहिरातीतल्या भाड्यात खोली, साधं जेवण आणि संध्याकाळचे कार्यक्रम येतात, आणि तेवढ्यापुरता पैसा बहुतेक वेळा वसूल होतो. फोटोत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं बिल मात्र वेगळं असतं.

बोट मोठी, पण वाट्याला किती?

बोटीचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसतं. बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेलं ते माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा आहे, ते कळतं. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हा भागाकार खरं बोलतो.

आता दोन बोटी शेजारी ठेवू. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या नावाने फिरणारी एम्प्रेस 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधली गेली, पुढे बरीच वर्षं रॉयल कॅरिबियनकडे होती आणि 2021 मध्ये इथे आली. तिचं टनेज 48 हजारांच्या वर, आणि खोलीत दोघे धरले तर प्रवासी सुमारे 1,600. भागाकार आला 30. रीजंट कंपनीची सेव्हन सीज एक्सप्लोरर आकाराने थोडीच मोठी, 55 हजार टनांची, पण प्रवासी जेमतेम 750. भागाकार 73 च्या पुढे! शिवाय तिथे साडेपाचशे कर्मचारी, म्हणजे दीड प्रवाशामागे एकाहून जास्त माणूस सेवेला. एक्सप्लोररचं भाडं कित्येक पट का, याचं अर्धं उत्तर या भागाकारातच आहे.

सुट्टीत भाडं वर, जागा खाली

क्रूझच्या हिशेबात एका खोलीत दोघे म्हणजे बोट शंभर टक्के भरली. तिसरं-चौथं माणूस वरच्या घडीच्या बिछान्यावर आलं की आकडा शंभराच्या पुढे जातो. रॉयल कॅरिबियनच्या बोटी 2023 मध्ये सरासरी 105 टक्क्यांहून जास्त भरल्या होत्या.

जानेवारी 2024 मध्ये निघालेली आयकॉन ऑफ द सीज घ्या. टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठी, 2,48,663 टनांची. खोलीत दोघे धरले तर 5,610 प्रवासी आणि माणशी 44. तीच बोट मुलाबाळांसह गच्च भरली की 7,600 माणसं आणि माणशी 33 पेक्षा कमी. शाळांच्या सुट्टीत अशी गर्दी होते, आणि भाडी चढतात तीही तेव्हाच. सर्वांत महाग आठवड्यात सर्वांत कमी जागा! शाळेत जाणारी मुलं बरोबर नसतील, तर सुट्टीचे आठवडे सरळ टाळा.

टीप रोजच्या रोज

मोठ्या अमेरिकन कंपन्या माणशी रोज 16 ते 20 डॉलर टीप आपोआप बिलात घालतात, आणि बहुतेक ठिकाणी ती मुलांचीही लागते. रोजचे 18 धरा: चौघांचे सात दिवसांचे 504 डॉलर. काउंटरवर सांगून ही रक्कम कमी करून घेता येते. तेवढं करू नका. खोली आवरणारा, ताट वाढणारा माणूस अनेकदा गोव्यातला तारवटी (बोटीवर काम करणारा) किंवा कोकणातला मुलगा असतो. करार सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे दिवसाला 14 तासांपर्यंत काम चालतं. त्याच्या कमाईत या टिपेचा वाटा मोठा असतो.

एकट्याला दुप्पट

भाडं दोघांचं धरलेलं असल्याने एकट्याला बहुधा जवळजवळ दुप्पट मोजावं लागतं. नॉर्वेजियन एपिक बोटीने 2010 मध्ये खास एकट्यांसाठी 128 खोल्या आणल्या. क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस फूट, समुद्राकडे खिडकी नाही.

व्हिक्टोरियात का थांबतात?

सिएटलहून अलास्काला जाऊन परत येणारी बोट कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, काही तास थांबते. याला कारण 1886 चा अमेरिकी कायदा. परदेशी झेंड्याच्या बोटींना फक्त अमेरिकी बंदरांमध्ये फिरवून प्रवासी आणता येत नाहीत. आणि बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींवर झेंडा असतो बहामास, पनामा नाहीतर माल्टाचा.

स्वच्छतेला गुण

अमेरिकेत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या बोटींची तिथलं सरकारी आरोग्य खातं न कळवता तपासणी करतं. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास, आणि निकाल सगळ्यांना पाहता येतो. भारतातून सुटणाऱ्या बोटींचेही असेच जाहीर गुण असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

बिघाड झाला तर

फेब्रुवारी 2013 मध्ये आगीनंतर कार्निव्हल ट्रायम्फची वीज गेली, संडास तुंबले आणि चार हजारांवर माणसं मेक्सिकोच्या आखातात दिवसच्या दिवस अडकली. कंपनीने पूर्ण पैसे परत दिले, वर 500 डॉलर. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली: यांत्रिक बिघाडामुळे सहल रद्द झाली तर सगळे पैसे परत. हवामानामुळे एखादं बंदर गाळलं, तर मात्र सहसा फक्त त्या बंदराची फी मिळते.

जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे तिथल्या जाहिरातींत बंदराची फी धरूनच भाडं दाखवावं लागतं. आपल्याकडे हे काम आपणच करायचं. एजंटला पैसे देण्याआधी कर, बंदराची फी, टीप, वायफाय आणि पेयं धरून माणशी एकूण किती, हा आकडा लेखी मागा.